कॅनिंगचा आंबा : रत्नागिरी ते वेंगुर्ले, पाच दिवस

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणातल्या बागायतदारांच्या बोलण्यात एकच प्रश्न फिरू लागतो : ‘कॅनिंग कितीने चाललंय?’ वाशीच्या बाजारात पेटीचा दर तोवर उतरलेला असतो, इतर राज्यांतला माल येऊन पडलेला असतो आणि झाडावर अजून चांगला तिसरा हिस्सा आंबा लटकत असतो. कॅनिंग हा शब्द इथे आता मराठीच झाला आहे. ‘कॅनिंगला घातला’ म्हणजे आंबा डझनावर न विकता काट्यावर, किलोने, रस काढणाऱ्या कारखान्याला दिला.

या धंद्याचा इतिहास कागदांत शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. तो बागेत, काट्यावर, आढीत आणि डब्याच्या कडेवर वाचावा लागतो. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीहून वेंगुर्ल्यापर्यंत पाच दिवसांचा हा प्रवास. आठवडा मुद्दाम निवडलेला. पंधरा दिवस आधी गेलं तर बरेच कारखाने जेमतेम सुरू झालेले असतात. जूनचा पहिला आठवडा उलटला की पाऊस लागतो आणि आंबाही संपतो.

पहिला दिवस : रत्नागिरी, पावस

रत्नागिरीहून पावसकडे जाणारा रस्ता सकाळी सहालाच धरावा. आंबा उन्हाच्या आधी काढतात. उंच फांदीवरचा आंबा झेल्याने काढायचा : लांब बांबू, टोकाला जाळी आणि देठ कापणारं पातं. काढताना फळाला बोटभर देठ राहिला पाहिजे. देठ मुळाशी तुटला की चीक उडतो आणि सालीवर वाळून काळा डाग पाडतो. पेटीच्या बाजारात त्या डागाने दर पडतो. कॅनिंगला डाग चालतो, पण देठाची उघडी जखम चालत नाही, कारण आढीत कुज तिथूनच सुरू होते. त्यामुळे ‘कॅनिंगचाच तर आहे’ म्हणून फांद्या हलवून आंबा पाडणाऱ्या बागेचा माल चार दिवसांनी कारखान्यात ओळखू येतो.

बागेतच वाटणी होते. मोठा, निर्मळ आंबा पेटीला. लहान, डागी, वाकडा, तुडतुड्याच्या चिकट्यावर काळी बुरशी चढलेला आंबा कॅनिंगला. एवढ्यावरून कॅनिंगचा आंबा म्हणजे टाकाऊ आंबा असा समज पसरतो आणि तो चुकीचा आहे. सालीवरचा डाग सालीबरोबर जातो. आतला गर पेटीतल्या आंब्याइतकाच असतो, किंबहुना मेअखेरचा आंबा झाडावर जास्त दिवस राहिल्यामुळे गोडीला सरस भरतो.

तीन प्रकारचा आंबा मात्र काट्यावर चढूच नये. पहिला फळमाशीचा : बाहेर टाचणीएवढं भोक, आत अळ्या. वळवाचा पाऊस पडून गेला की याचं प्रमाण एकदम वाढतं. दुसरा तडकलेला, करपा पडलेला. तिसरा वाऱ्याने पडलेला, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण जमिनीवरून उचललेला आंबा धुतला की चांगला दिसतो. मातीत बिसोक्लॅमिस नावाची एक बुरशी असते. साधी बुरशी ज्या आचेला मरते, ती आच हिचे बीजाणू सहज सोसतात. ९० अंशांवर तापवलेल्या रसातही ते जिवंत राहू शकतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी डब्यातला रस सैल आणि आंबूस करतात. कारखान्यात ती थोपवायला उपाय नाही. उपाय बागेतच आहे, पडीचा आंबा वेगळ्या क्रेटमध्ये ठेवण्याचा.

साका हा हापूसचा खास रोग. बाहेरून फळ निरोगी, कापलं की कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. तापलेल्या जमिनीची धग खालून लागणं आणि फळ झाडावर पूर्ण पिकत आल्यावर आतली कोय रुजायच्या तयारीला लागणं, ही त्याची दोन मोठी कारणं. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं आणि फळ ८०–८५ टक्के तयार असताना उतरवलं तर साका कमी होतो. कॅनिंगच्या मालात तो जास्त सापडतो, कारण दराची वाट बघत आंबा झाडावर ठेवलेला असतो. गोडी वाढते आणि साकाही वाढतो. बागायतदाराला दोन्हीचा हिशोब करावा लागतो.

संध्याकाळी रत्नागिरीच्या बंदरावर जावं. मुंबई-गोवा बोटी चालत होत्या तेव्हा आंब्याच्या करंड्या इथूनच जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी ती बंदरांची माळ. दर्या खवळला की बोटी बंद होत, त्या थेट पावसाळा सरेपर्यंत. म्हणजे शेवटचा आंबा झाडावर आणि वाहतूक मात्र संपलेली. घरोघरी त्याचं एकच होत असे : रस आटवायचा, ताटात पसरून साठं घालायची, उरलेला वाटायचा. साठं घालायलाही कडक ऊन लागतं आणि वळीव आला की तेही बिघडतं. डबाबंदीला कोकणात जागा मिळाली ती या दोन-तीन आठवड्यांच्या फटीत. पुढे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी ती फट बुजली नाही. आज तिथे बोटीच्या जागी बाजारातला दर आहे, एवढाच फरक.

दुसरा दिवस : मिरजोळे

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत मेअखेरीस वाऱ्यावर आमरसाचा वास असतो. कारखाना बघायचा तर सकाळी आढीपासून सुरुवात करावी. बहुतेक पाहुणे थेट कढईपाशी जातात आणि अर्धी गोष्ट चुकवतात.

आढी म्हणजे आंबा पिकवण्याची जागा. घरी भाताच्या पेंढ्यात घालतात. कारखान्यात क्रेट एकावर एक, मधे हवेला फट ठेवून रचतात. मेच्या उष्म्यात आंबा पाच-सहा दिवसांत पिकतो, एप्रिलमध्ये आठ-दहा लागतात. चौथ्या दिवसापासून रोज निवड करायची. पिकलेला पुढे, कच्चा मागे, सडका बाहेर. मोठ्या कारखान्यांत इथिलीन वायूच्या खोल्या आहेत. कायद्याने हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीनची मुभा आहे. कॅल्शियम कार्बाइडला पूर्ण बंदी आहे आणि ती योग्यच आहे : त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. शिवाय कार्बाइडने साल पिवळी होते, गर कच्चा राहतो. रसाच्या धंद्यात सालीचा रंग काय कामाचा?

शंभर आंब्यांत पाच-सहा अर्धकच्चे गेले तरी रसावर दिसतं. कच्च्या फळात पिष्ट असतं. रस गरम झाला की ते फुगतं, रस खिरीसारखा दाट होतो, पण गोडी नसते आणि रंग फिका पडतो. उलट जास्त पिकलेल्या आंब्याने दारूसारखा वास येतो, तो कितीही उकळून जात नाही. यंत्रावरचा माणूस इथे काही करू शकत नाही. निवडीच्या टेबलावर बसलेल्या, आसपासच्या गावांतल्या बायका वासावर आणि अंगठ्याच्या दाबावर जे ठरवतात, तेच पुढे डब्यात उतरतं.

मग धुणं. पहिलं पाणी माती काढायला, दुसरं क्लोरीनचं, तिसरं स्वच्छ. पहिली टाकी वेळेवर बदलली नाही तर तीच सगळ्या आंब्यांना जंतू वाटत बसते. आणि इथेच कोकणातल्या कारखान्याची जुनी अडचण समोर येते : सगळ्यात जास्त पाणी लागतं ते मेमध्ये, आणि विहिरी कोरड्या पडतात त्याही मेमध्येच. टँकरच्या पाण्यावर चालणारा कारखाना धुण्यात हात आखडता घेतो आणि त्याची किंमत ऑगस्टमध्ये फुगलेल्या डब्यांनी चुकवतो.

धुतलेल्या आंब्याचा देठाकडचा भाग कापतात, साल काढतात किंवा तसाच फोडून पल्परमध्ये टाकतात. फळ कापताना साका दिसतो. तेवढी फोड बाजूला. पल्परमध्ये फिरती पाती गर जाळीवर घासतात, रस खाली पडतो, कोय आणि चोथा तोंडातून बाहेर येतो. मग बारीक जाळीच्या फिनिशरमधून दुसऱ्यांदा गाळतात. पाती आणि जाळी यांतली फट फार कमी ठेवली तर कोयीचं कवच खरवडलं जातं आणि रस तुरट होतो. जास्त ठेवली तर गर कोयीबरोबर वाया जातो. धंद्याचा ठोकताळा : दोन किलो आंब्याला एक किलो रस. शंभर किलोला ५० ते ५५ किलो मिळाले तर काम नीट चाललंय. एखाद्या दिवशी त्याहून बराच जास्त निघाला, तर आनंद मानण्याआधी सालीचा चोथा रसात उतरतोय का ते बघावं.

रस कढईत जाण्याआधी त्याचे दोन आकडे घेतात. एक ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखर-घटकांचं प्रमाण. हापूसच्या नैसर्गिक रसाला व्यापारात किमान १६ लागतं. तोतापुरीला १४ चालतं. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून ते दिसतं, पण गरम रसाचं वाचन कमी येतं; थेंब आधी थंड झाला पाहिजे. दुसरा आकडा पीएच, आंबटपणाचा : आकडा जितका कमी, तितका रस आंबट. ४.६ च्या वर बोट्युलिनम हा विषारी जंतू वाढू शकतो, त्यामुळे ती कायद्याची आणि जिवाची हद्द. हापूस साधारण ४ च्या आसपास असतो, पण झाडावर पूर्ण पिकलेला मेअखेरचा आंबा ४.४ पर्यंत जातो. जीव घेणारा जंतू तिथे वाढत नाही, पण डबा फुगवणारे काही जंतू ४.२ च्या वर तग धरतात आणि त्यांचे बीजाणू १०० अंशांना पूर्ण मरत नाहीत. म्हणून सायट्रिक आम्ल घालून पीएच ४.२ च्या खाली आणतात. आम्ल कोरडं टाकू नये. आधी थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्या कढईत फिरवावं, नाहीतर एका डब्यात पीएच ३.८ आणि शेजारच्यात ४.४.

कढई वाफेच्या दुहेरी भिंतीची, स्टेनलेस स्टीलची. लोखंड लागलं की रस काळपट होतो, तांबं लागलं की क जीवनसत्त्व जातं. रस ८५ ते ९० अंशांवर नेतात. रस दाट असल्यामुळे आतून वाफ फुटून अंगावर उडतो, त्यामुळे ढवळणाऱ्याच्या हातात कोपरापर्यंत मोजे हवेत. वळवाच्या दिवसांत वीज जाते आणि अर्धगरम रस कढईतच राहतो. वीस मिनिटं तसा राहिला की रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे झुकतो. जनरेटर नसलेल्या कारखान्याला मेअखेरची प्रत्येक दुपार धोक्याची.

८५ अंशांच्या खाली न जाऊ देता रस डब्यात भरतात. डब्याच्या पाणी मावण्याच्या क्षमतेच्या निदान ९० टक्के भरणा कायद्याने लागतो, पण काठोकाठही भरायचा नसतो. वर थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे, तिथली वाफ थंड होऊन निर्वात पोकळी होते. लगेच झाकण, लगेच सीमर, म्हणजे झाकण शिवणारं यंत्र.

सीमरपाशी थांबावं, घाई करू नये. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत गुंतवून पाच पदरी शिवण घालतात. पहिली फिरकी कड वळवते, दुसरी दाबून घट्ट करते. झाकणाच्या कडेत रबरासारखा एक पातळ थर असतो, तो उरलेली फट भरतो. बाहेरून बोट फिरवून दर अर्ध्या तासाला पाहायचं : धारदार कड लागते का, कुठे ओठासारखा भाग लोंबतो का. आणि दर चार तासांनी सीमरच्या प्रत्येक डोक्याखालचा एक डबा फोडून शिवण उकलायची, झाकणाचा आणि डब्याचा असे आत वळलेले दोन्ही हुक मायक्रोमीटरने मोजायचे. त्यांची एकमेकांवरची पकड ४५ टक्क्यांपेक्षा कमी भरली तर यंत्र थांबवायचं आणि मागच्या चांगल्या तपासणीनंतरचा सगळा माल बाजूला काढायचा. हे शेवटचं वाक्य पाळणं कठीण. हंगामात चार तासांचा माल म्हणजे हजारो डबे. पण शिवणीच्या फटीतून आत जाणारं थंड पाणी हेच डबा फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं, आणि त्या वेळी दोष आंब्यावर ढकलला जातो.

बंद डबे उकळत्या पाण्यात जातात. ८५० ग्रॅमच्या डब्याला साधारण २० मिनिटं, ३.१ किलोच्या मोठ्या डब्याला अर्ध्या तासाच्या पुढे. रस दाट, त्यामुळे आच मध्यापर्यंत सावकाश पोचते. कोकण समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांना उकळतं. हीच वेळ पाचगणी-महाबळेश्वरच्या कारखान्यात वापरली तर चूक होईल : तेराशे मीटरच्या आसपास पाणी ९६ अंशांच्या खालीच उकळतं, वेळ वाढवावी लागते. मटार, फरसबी, मका यांसारख्या आम्ल नसलेल्या भाज्यांना तर १०० अंश पुरतच नाहीत. त्यांना रिटॉर्टमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या बंद भांड्यात, १२१ अंश लागतात. फळांचा कारखाना ‘आता भाज्याही करू’ म्हणतो तेव्हा त्याला कढई बदलून भागत नाही. रिटॉर्ट, तापमानाची सलग नोंद आणि ती वाचणारा माणूस, असं सगळंच नव्याने उभं करावं लागतं.

मग थंड करणं, तेही नेमकं. डबा ३८–४० अंशांवर आला की बाहेर. त्याहून गरम ठेवून थप्पी लावली तर मधले डबे दोन-दोन दिवस तापलेले राहतात, रस तपकिरी होतो, शिजकट वास येतो. त्याहून थंड केला तर अंगावरचं पाणी वाळत नाही आणि गंज धरतो. थंड करायच्या पाण्यातही क्लोरीन हवं, कारण गरम डबा आकसताना शिवण क्षणभर श्वास घेते.

तिसरा दिवस : विजयदुर्गमार्गे देवगड

पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, पडेल, जामसंडे. खाड्यांवर पूल झाल्यापासून हा रस्ता एका दिवसात आरामात होतो. देवगडकडे सरकतो तशी माती संपते आणि कातळ सुरू होतो. या कातळावरच्या बागा हाताने घडवलेल्या आहेत. सुरुंग लावून मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे, त्यात बाहेरून आणलेली माती, दहा-दहा मीटरवर एक कलम. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. ती कलमं फळाला आल्यावर पेटीचा बाजार पुरेना. छोट्या कारखान्यांची संख्या वाढण्यामागे हे कारण कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं आहे.

धंद्याच्या मुळाशी डबा आहे, आणि डब्याचा इतिहास इथल्या जुन्या शेडमध्ये दिसतो. बाटलीत अन्न भरून, बूच मारून उकळायची रीत फ्रान्सच्या निकोला अपेर याची. १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. भारतात मेटल बॉक्स कंपनी १९३३ मध्ये आली. पण कोकणातल्या छोट्या माणसाला डबा परवडत नव्हता तो वेगळ्याच कारणाने : रिकामा डबा म्हणजे हवा, आणि ट्रकभर हवेचं भाडं कोण देणार? म्हणून डब्यांची अंगं चपटी करून, गठ्ठ्याने पाठवत. कारखान्यात ती रिफॉर्मरवर पुन्हा गोल करायची, फ्लँजरवर दोन्ही कडा बाहेर वळवायच्या, एका बाजूला तळ शिवायचा, मग भरायला घ्यायचं. ही हाताने फिरवायची यंत्रं काही शेडमध्ये अजून कोपऱ्यात उभी आहेत. चपट्या अंगाची घडी जिथे पडे तिथे कल्हई तडकलेली असे, आणि कड वळवताना चीर गेली की शिवण कितीही घट्ट केली तरी डबा गळे. बाजूची शिवणही तेव्हा शिशाच्या डागाची असायची. वेल्डिंगचे डबे आले आणि अन्नात उतरणाऱ्या शिशाचा तो एक मोठा प्रश्न मिटला.

डब्याची मापं जुन्या हिशोबातली आहेत. ८५० ग्रॅमचा डबा ४०१ × ४११, ३.१ किलोचा ए-टेन ६०३ × ७००. पहिला आकडा इंच, पुढचे दोन इंचाचे सोळावे भाग. म्हणजे ४०१ म्हणजे चार पूर्णांक एक सोळांश इंच व्यास. ए-टेनचे सहा डबे एका खोक्यात, १८.६ किलो. मिठाईवाला, आइस्क्रीमवाला, आम्रखंड करणारी डेअरी यांना हे माप हाताला बसलेलं आहे : एक डबा उघडला, एका घाण्यात संपला. २०० लिटरच्या पिंपात निर्जंतुक पिशवीत भरलेला रस, सुमारे २१५ किलो, मोठ्या पेय कंपन्यांसाठी. त्याच्या भरणीला लागणारं यंत्र महाग असतं. कृष्णगिरी, चित्तूरकडे तोतापुरीच्या हंगामात ते भरपूर चालतं, म्हणून परवडतं. हापूसच्या कॅनिंगचा हंगाम जेमतेम महिनाभराचा आणि झाड एक वर्ष भरून येतं, एक वर्ष हात राखतं. महिनाभर चालून अकरा महिने बंद राहणाऱ्या यंत्रावर कर्ज काढणं हा कोकणातल्या कॅनिंगमधला जुना सापळा आहे. जे टिकले त्यांतले बरेच कोकम, आवळा, करवंद, काजू यांनी उरलेलं वर्ष भरून काढतात.

जुना डबा कुठे सापडला तर लेबल बघावं. १९५५ च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरखाली प्रत्येक कारखान्याला परवाना लागे आणि एफपीओच्या शिक्क्यासह त्याचा क्रमांक लेबलवर असे. २०११ च्या ऑगस्टपासून नव्या अन्न सुरक्षा कायद्याचा चौदा आकडी क्रमांक आला. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवर त्याचा उपयोग सरळ आहे. डब्यात मात्र आंब्याला साल नसते, आकार नसतो, आणि परजिल्ह्यातला रस मिसळला तर जिभेला ओळखणं अवघड जातं. म्हणूनच काट्यावरची बागवार नोंद नीट ठेवणारा कारखाना मोलाचा.

गोदामात भरलेला माल लगेच पाठवत नाहीत. नमुन्याचे डबे ३७ अंशांवर दहा-चौदा दिवस ठेवून बघतात. बाकीच्या थप्पीवरून अनुभवी माणूस लाकडी काठीने एकेक झाकण वाजवत जातो : निर्वात डबा खणखणतो, हवा शिरलेला बद्द वाजतो. दोन्ही टोकं आत दबलेली असली की डबा चांगला. एक टोक दाबल्यावर दुसरं वर येत असेल, तर आत काहीतरी सुरू झालेलं आहे. तो चाखूनही बघायचा नाही. क्वचित जंतूंशिवायही डबा फुगतो : रसातलं आम्ल पत्र्याला खातं आणि हायड्रोजन निघतो. तो जुन्या किंवा उन्हात ठेवलेल्या मालात आढळतो. कल्हईतून रसात उतरणाऱ्या कथिलाला किलोमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. उघडलेल्या डब्यात हवेमुळे कथिल भराभर उतरतं, म्हणून उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावा, डब्यात ठेवू नये.

कोकणातल्या गोदामाचा शत्रू पावसाळा. खारी, ओली हवा चार महिने. डबे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि दुपारच्या दमट हवेत दारं उघडी टाकायची नाहीत : थंड पत्र्यावर दव धरतं आणि गंज शिवणीपासून चढतो.

चौथा दिवस : मालवण

हा दिवस लहान. देवगडहून मालवणपर्यंत वाटेत कोकम वाळत घातलेले दिसतात. कोकम साध्या डब्यात जात नाही. सालं आगळात बुडवून वाळवली की आमसुलं, मिठात ठेवली की आगळ, साखरेत घातली की अमृत कोकम. त्याचा लाल रंग उघड्या कथिलाला लागला की फिका, जांभळट होतो. कोकम, जांभूळ, स्ट्रॉबेरी अशा लाल फळांना आतून लॅकरचा, म्हणजे वार्निशासारखा, लेप दिलेला डबा लागतो तो म्हणून. आंबा-अननसाला साधा कल्हईचा पत्रा उलट चांगला, कारण थोडं कथिल उतरतं आणि पिवळा रंग उजळ राहतो.

फणसाचं दुहेरी गणित आहे. काप्याचे गरे घट्ट, साखरेच्या पाकात आणि आम्ल घालून डब्यात नीट टिकतात. बरका मऊ, त्याची फणसपोळीच. कोवळ्या फणसाला, म्हणजे कुयरीला, आता बाहेर मागणी आहे, पण कुयरीला स्वतःचं आम्ल नाही. तिला नुसतं मिठाच्या पाण्यात भरून उकळणं धोक्याचं : एकतर आम्ल घालून पीएच फोडीच्या मध्यापर्यंत ४.६ च्या खाली आणायचा, किंवा दाबाचा रिटॉर्ट. ‘मध्यापर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. पाण्याचा पीएच मोजून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. फोडी वाटून मोजावं लागतं.

पाचवा दिवस : वेंगुर्ले

वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ चं, आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. कॅनिंगच्या दृष्टीने इथली दोन कामं मोठी. १९८१ ची ‘रत्ना’, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून : फळ मोठं, साका नाही. आणि १९९२ ची ‘सिंधू’, रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर : कोय कागदासारखी पातळ, गराचं प्रमाण जास्त. पल्परच्या हिशोबात ही दोन्ही फळं हापूसपेक्षा फायद्याची. तरीही कारखाने हापूसच मागतात, कारण डबा विकला जातो तो हापूसच्या नावावर आणि त्या वासावर. रत्ना-हापूस मिसळून, तसं लेबलवर स्पष्ट लिहून विकायला काही हरकत नाही. साका वेचण्याची निम्मी मेहनत वाचेल. हा प्रयोग जितका व्हायला हवा तितका झालेला दिसत नाही.

दुपारी रोपवाटिकेत जावं. कारखान्यांतून आलेल्या कोयींचे ढीग सावलीत पसरलेले असतात. पल्परमधून कोय निघते ती रस तापण्याआधी, त्यामुळे ती जिवंत असते. पण जेमतेम चार आठवडे. ढीग उंच रचला तर आतून तापून आठवड्यात मरते. धुऊन, पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकायच्या, बुडणाऱ्या गादीवाफ्यावर पेरायच्या. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब येतो. तो कोवळा असतानाच, पानं हिरवी होण्याआधी, त्यावर हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचर करून बांधायची. हेच कोय कलम. रायवळाच्या कोयी मिळाल्या तर रोपवाटिकावाला त्या आधी उचलतो, खुंट जोमदार होतो म्हणून.

मेच्या शेवटच्या दिवसांत वाफे तयार करून ठेवलेले असतात आणि सगळे आकाशाकडे बघत असतात. कारखान्याला पाऊस आठ दिवस उशिरा हवा असतो, रोपवाटिकेला वेळेवर.